कुटलेली गोळी

प्रिय मुंगी,

तुझं पत्र मिळालं. बाबांना तूच ठेव, माझ्या हातून कुणाला गोळी द्यायला नको, एवढ्या दोनच ओळी. पूर्वी नुसतं मुंगी म्हटलं तरी पानभर भांडायचीस. बाबा बरे आहेत, पण तीन आठवडे झाले तरी माझ्याकडे त्यांचा जीव रमत नाही. मी आठला बाहेर पडतो तो सातला उगवतो. दिवसभर ते खिडकीशी बसतात आणि समोरच्या इमारतीत कोण किती वाजता पडदा सारतं ते वहीत लिहून ठेवतात. संध्याकाळी मला सगळा अहवाल ऐकावा लागतो. त्यात दोनदा तरी तुझा विषय निघतो.

कामाची बातमी चांगली आहे. आमची ती पातळ चकती, नखाएवढी, कातडीखाली बसवायची, तुला आठवत असेल. तिच्यात भरलेलं औषध महिनाभर थोडं थोडं, रोज सारखंच बाहेर पडायला हवं. पहिली दोन वर्षं तिच्या पोटात काही राहायचंच नाही, अगदी आपल्या आत्यासारखं. पहिल्या दिवशी सगळं ओकून मोकळी, मग एकोणतीस दिवस ठणठणाट. औषध धरून ठेवणारा नवा चिकट जेल हाती आला, त्याची जाळी आम्ही दाट विणली आणि मगच ती ताळ्यावर आली. आता पुढच्या महिन्यात पहिल्यांदा माणसांना बसवणार आहेत. प्रयोगशाळेत सगळे माझी पाठ थोपटताहेत आणि मी चोरासारखा उभा असतो.

ती चकती पहिल्यांदा नीट चालली तो दिवस तुलाही माहीत आहे. अठ्ठाविसाव्या दिवसाचा नमुना तपासून झाला होता, आकडा हवा तसा आला होता आणि मी हवेत होतो. तेवढ्यात तुझा फोन आला. आईच्या घशाखाली रक्तदाबाची गोळी उतरत नाही, कुटून पाण्यातून दिली तर चालेल का, असं तू विचारलंस. कोणतीही गोळी कुटलेली चालते का, असंही विचारलंस. मी म्हणालो, चालतं गं, एवढं काय त्यात. गोळीचं नाव विचारलं नाही. इथे नव्या मुलांनी बाटलीवरचं लेबल न वाचता झाकण उघडलं तर मी त्यांना अर्धा तास सुनावतो, आणि आईच्या गोळीचं नाव मी विचारलं नाही.

ती गोळी सावकाश विरघळणारी होती. आवरण फुटलं की दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं, हे जगात कुणाला ठाऊक असेल तर मला. माझी रोजीरोटीच ती आहे. तासाभरात आईचा रक्तदाब उतरला, ती मोरीत पडली आणि नवव्या दिवशी गेली. दवाखान्यात डॉक्टरांनी गोळी कुणी कुटली विचारलं, तेव्हा ‘मी’ असं तू म्हणालीस. मी तुझ्या शेजारीच उभा होतो. बूट बघत उभा होतो. तेव्हापासून आत्या तुझ्याकडे आली की स्वतःच्या गोळ्या पर्समध्ये घट्ट धरून बसते, आणि तेही मी तीन वर्षं बघत आलो. मला माझी लाज वाटते, मुंगी. तू माझं बोलणं विसरली असशील अशी मी मनाची समजूत घालत होतो, कारण ती सोयीची होती.

परवा रविवारी बाबांना त्यांची गोळी गिळता येईना. कुटून दे म्हणाले. फोनवर मी तुला काय सांगितलं होतं ते सगळं मी त्यांच्यापुढे बोलून टाकलं. त्यांनी शांतपणे, घोट घोट पाणी पीत गोळी अख्खीच गिळली. मग म्हणाले, मला ठाऊक होतं. त्या दिवशी तू फोन टेबलावर ठेवून स्पीकरवर बोलत होतीस आणि माझं उत्तर त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. दवाखान्यात ते तोंड उघडणार तोच तू त्यांचा हात दाबलास. नंतर म्हणालीस म्हणे, दादाचं आत्ता कुठे जमून आलंय, बोललात तर तो काम टाकून देईल. तुम्ही दोघांनी मिळून मला सांभाळलंत आणि मी तुला एकटीला सोडलं. कालच आत्याला फोन करून सगळं सांगितलं; ती रडली. चूक माझी होती, हे तुलाही माझ्या हाताने लिहून द्यायचं होतं, म्हणून हे पत्र. गोळ्या मुंगीच्याच हातून घेईन, असं बाबांनी मला बजावलंय. शनिवारी सकाळी त्यांना घेऊन येतोय. मला दारातून परत पाठवलंस तरी चालेल, त्यांना मात्र आत घे.

तुझाच,
दादा