शेवटची जुडी

३ जुलै १९७८, सोमवार. आसगाव

पोचले एकदाची! परवा नगरहून निघाले आणि आज दुपारी पवनीच्या एस.टी.तून इथे उतरले, तेव्हा अंगावरची साडी आणि पोतेरं यांत काही फरक उरला नव्हता. पण गाव पाहून शीण गेला. जिकडे बघावं तिकडे पाणी भरलेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि गावाच्या टोकाला हा एवढा मोठा तलाव. आमच्या नगरकडे इतकं पाणी एका जागी दिसलं, तर लोक पेढे वाटतील.

मी इथल्या उपकेंद्राची नवी नर्स. क्वार्टरवर अजून छप्पर चढलेलं नाही, म्हणून वासुदेवराव आणि मालनबाई या नवराबायकोच्या घरी एक खोली मिळाली आहे. वासुदेवराव स्वतः बंडी जुंपून मला घ्यायला आले होते. ते बोलत नाहीत, नुसते हसतात. मालनबाईंनी दारातच माझ्या पायांवर पाणी घातलं आणि बराच वेळ पायांकडेच पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, पाय मोठे गुणाचे आहेत. पायांचं कौतुक आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं, तेव्हा हसू आलं.

घरून निघताना आईनं डोक्यावर हात ठेवून तिची ती नेहमीची प्रार्थना केली होती : "प्रभू, ही तुझी सालोमी." बस, एवढीच. बाबा गेल्यापासून ती लांबलचक प्रार्थना करत नाही. म्हणते, जो ओळखतो त्याला पत्ता किती सांगायचा? मीही जेवणाआधी तेवढंच म्हणते. आजही म्हटलं. मालनबाई वाढता वाढता थांबून ऐकत होत्या.

९ जुलै, रविवार

बोलणं आता समजू लागलं आहे. मला म्हणजे 'मले', का म्हणजे 'काहून'. उपकेंद्रात येणाऱ्या बायका माझ्या नगरी बोलण्याला हसतात आणि मी त्यांच्या. फिट्टंफाट.

मालनबाई मला स्वतःच्या हातानं कामच करू देत नाहीत. आंघोळीला पाणी तापवतात, केसांना तेल लावतात, ताटात तलावातली मासोळी आधी माझ्याच वाट्याला. त्यांची एकुलती एक मुलगी तुळसा बऱ्याच वर्षांपूर्वी रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत बांधीतच साप चावून गेली. ते सांगताना त्या रडल्या नाहीत. फक्त माझी वेणी फार घट्ट आवळली. मीच डोळे पुसले. घरी लेक नाही, तर क्वार्टर होईपर्यंतचे दोन महिने मीच त्यांची लेक होईन, असं म्हणूनही गेले. आपली जीभ कधी कधी आपल्या पुढे धावते.

१६ जुलै, रविवार

आज भंडाऱ्याला चर्चला जायचं ठरवलं होतं. चांगली साडी नेसून बाहेर आले, तर मालनबाई उंबऱ्यावर छाती धरून बसलेल्या. मी नाडी पाहिली, ठीक होती. रक्तदाब पाहिला, तोही ठीक. तरी त्यांचा हात माझ्या मनगटावरून निघेना. "तू गेली तं मी मरन," एवढंच म्हणत राहिल्या. आजारी माणसाला टाकून प्रार्थनेला जाणं मला बरं वाटलं नाही, म्हणून थांबले. एस.टी. निघून गेल्यावर घटकाभरात त्या उठल्या आणि वडे तळायला लागल्या.

आणखी एक. जेवणाआधीची माझी प्रार्थना त्यांना टोचते. आमच्या हातचं गोड लागत नाही का, म्हणून दुसऱ्याला सांगतेस, असं विचारलं. मी समजावलं, त्या ऐकून हसल्या आणि ताट बाजूला सारून उठल्या. त्या दिवसभर जेवल्या नाहीत. आता मी मनातल्या मनात म्हणते. प्रभूला काय, ऐकू येतंच.

२५ जुलै, मंगळवार

मनातल्या मनातही आज राहून गेली. आठवलं तेव्हा हात धुवून झाले होते.

२ ऑगस्ट, बुधवार

आज गंमत झाली. वासुदेवरावांच्या मोठ्या बांधीत रोवणीचा शेवटचा दिवस होता. बायका ओळीनं वाकून परे, म्हणजे भाताची रोपं, रोवत होत्या, गात होत्या. एकच कोपरा त्यांनी मोकळा सोडला होता आणि तिकडे कोणी फिरकत नव्हतं. शेवटची जुडी घेऊन मालनबाई धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, आल्या आणि मला म्हणाल्या की आमच्या घरी ही जुडी लेकीनं रोवायची असते. त्या दोघांकडे पाहून नाही म्हणवेना. चपला काढल्या, साडी खोचली आणि उतरले.

चिखल कोमट होता. मी एकेक परा लावत गेले आणि मालनबाई मागून ओंजळीनं माझ्या पायांवर चिखल घालत होत्या, अगदी घोट्यापर्यंत. "रोवली माय, रोवली," असं काहीतरी पुटपुटत होत्या. मी वर पाहिलं तेव्हा गाणं थांबलं होतं. सगळ्या बायका पाठ फिरवून भराभर धुऱ्याकडे चालल्या होत्या. वासुदेवरावांना तोंड उघडून बोलताना मी आज पहिल्यांदा ऐकलं. ते म्हणाले, "झाली घरची."

चपला जिथे काढल्या होत्या तिथे नव्हत्या. अनवाणीच घरी आले.

६ ऑगस्ट, रविवार

पायांच्या बोटांच्या बेचक्यांत खाज. चिखल्या आहेत. रोवणीत प्रत्येक बाईला होतात, मीच दिवसाकाठी दहाजणींच्या बोटांना जांभळं औषध लावते. आज स्वतःच्या लावलं. चर्चला जाणं झालं नाही. चपला सापडत नाहीत आणि मालनबाई म्हणतात, लेकीला घरात चपला कशाला हव्यात.

त्या आता मला तुळसा म्हणतात. पहिल्या दिवशी मी दुरुस्त केलं. दुसऱ्या दिवशीही केलं. आज 'ओ' दिली.

१० ऑगस्ट, गुरुवार

चिखल्या नाहीत.

बेचक्यांतून बारीक पांढरे तंतू आले आहेत. चिमट्यानं एक ओढला. निघाला, पण दुखलं थेट पोटरीपर्यंत, आणि टोकाला ओली माती होती. मी चार वर्षं मिशनच्या दवाखान्यात काम केलं आहे, नाही नाही ते पाहिलं आहे, पण हे कशातच बसत नाही. पवनीच्या डॉक्टरांना दाखवायचं म्हटलं तर मालनबाईंना पुन्हा छातीत कळ आली. वासुदेवराव दारात आडवी खाट टाकून बसले आणि हसत राहिले.

कोरड्या जमिनीवर पाय भाजतात. बादलीत बुडवले की बरं वाटतं. फार बरं वाटतं. तेच भयंकर आहे.

१५ ऑगस्ट, मंगळवार

शाळेत झेंडा होता. तेवढ्यासाठी दोघांनी मला घरातून सोडलं, वासुदेवराव बरोबर होतेच. ते पाणी प्यायला वळले आणि शेजारच्या शकुनबाईंनी मला उपकेंद्राच्या आडोशाला ओढलं. मी शेवटची जुडी कायले रोवली, म्हणून मला रागावल्या. ही गावाची रीत नाही, "त्या दोघाईचंच हाय ते." माझ्या आधी त्या खोलीत शाळेची मास्तरीणबाई राहत होती, कुसुम नावाची. पोरगी चांगली होती. तिनंही रोवली. मग तिलाही ती दोघं तुळसा म्हणायला लागली. एक दिवस त्या दोघांनी सांगितलं, ती नोकरी सोडून गेली. "तिले गाडीत बसताना कोनी पाह्यलं नाही, बाई."

मी विचारलं, मग? शकुनबाईंनी नुसतं बांधीकडे बोट केलं. तो मोकळा कोपरा. मी रोवलेल्या ओळींच्या पलीकडे तिथे एक जुना झुपका आहे, भर उन्हाळ्यातही तो हिरवाच राहतो म्हणे. तो कोणी कापत नाही.

वासुदेवराव आले. शकुनबाई डोक्यावर पदर घेऊन निघून गेल्या.

१७ ऑगस्ट

मला राग यायला हवा. येत नाही. दया येते, आणि दया आली की पाय जड होतात. हे मी आज नीट पाहिलं. मालनबाई रडल्या — माझ्या पोटऱ्या जड झाल्या. मी 'जात नाही' म्हटलं — तंतू वाढले. नखाएवढे होते, आता बोटाएवढे आहेत.

लहानपणापासून हेच शिकले की माणसाला टाकू नये, सहन करावं, क्षमा करावी. मग मी यांना कसं टाकू? पण प्रभूनं मला यांच्यासाठी मरायला सांगितलंय का? तो स्वतः मेला, तो काय मी कुणाच्या बांधीत उभं राहावं म्हणून?

मालनबाई दाराआडून बघताहेत. पुरे.

१८ ऑगस्ट

घरी आणलेल्या औषधाच्या वहीत सहीच्या जागी तुळसा लिहिलं. खोडलं. खरं लिहायला गेले तर —

नाव येईना.

या रोजनिशीचं पहिलं पान काढलं. तिथे एक नाव आहे. वाचता येतं. पण ते कुणा दुसऱ्याच बाईचं वाटतं, ओळखीचीसुद्धा नाही अशा.

१९ ऑगस्ट, संध्याकाळ

आज त्यांनी सांगितलं. उद्या बांधीत जायचं. निंदण नाही, काही नाही. फक्त "जागेवर उभी राय, माय." नवी हिरवी साडी आणली आहे. वासुदेवराव फावडं घासून ठेवताहेत. दोघं किती आनंदात आहेत. मालनबाईंनी माझी अलाबला घेतली. मला रडू आलं आणि वाटलं, जाऊ दे, उभी राहते, कुणाला तरी आपण इतके हवे आहोत —

ताटावर बसले. फार दिवसांनी डोळे मिटले. प्रभू, ही तुझी

ही तुझी

पुढचं नाहीच. रिकामं. जीभ फिरते आणि तुळसावर जाते. दातांनी धरून ठेवली.

मग आईचं बोलणं आठवलं. जो ओळखतो त्याला पत्ता किती सांगायचा. मला माझं नाव ठाऊक नाही. पण त्याला आहे. मी विसरले म्हणून तो विसरलेला नाही. मी तेवढंच मोठ्यानं म्हटलं, अर्धंच : प्रभू, ही तुझी. ताटावर, त्यांच्यासमोर.

मालनबाईंच्या हातून भाताचं भांडं पडलं. आणि माझ्या उजव्या पायाचा अंगठा मोकळा झाला. मी पाहिलं. तंतू गळून पडला होता, वाळक्या काडीसारखा.

तर असं आहे. यांना मी क्षमा करते. मनापासून करते. आणि मी जाते. दोन्ही एकदम करता येतं, हे मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

२० ऑगस्ट, रविवार. एस.टी.त

सुटले. लिहिते, हात थांबला तर मी मागे बघेन.

पहाटे उठवलं. हिरवी साडी नेसवली, रोजनिशी मी पदराखाली लपवली. बांधीच्या वाटेला लागलो आणि वळणावर दोघं पुढे गेली तशी मी उलट फिरले, स्टँडकडे. पळता येत नव्हतं. प्रत्येक पाऊल उपटून काढावं लागत होतं. रक्त आलं. प्रभू, ही तुझी. एक पाऊल. प्रभू, ही तुझी. दुसरं. शकुनबाई वाटेत उभ्या होत्या. त्यांनी स्वतःच्या चपला काढून माझ्यापुढे टाकल्या.

खिडकीजवळ जागा मिळाली. गाडी सुरू आहे, हलत नाही. कंडक्टर खाली पान खातोय. देवा, चल ना रे बाबा.

मालनबाई आल्या.

खिडकीखाली उभ्या आहेत. अनवाणी, चिखलानं माखलेल्या. रडताहेत. "तुळसा, आमाले सोडून कुठी चालली व?" मी बघत नाही. पोटऱ्या जड — नाही. नाही. क्षमा केली. जाते.

आता ओरडणं थांबलं. गजांतून हात आत आला. माझं डावं मनगट धरलं. आणि हळू, अगदी गोड आवाजात —

सालोमी, म्हणाल्या. सालोमी माय, उतर.

माझं नाव. माझंच आहे ते! त्यांच्या तोंडून मला परत मिळालं. म्हणजे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं, आणि तरी —

नाही उतरणार. हे नाव आईनं तुमच्या हाती नाही दिलं.

गाडी हलली.

त्या बरोबर चालताहेत. पळताहेत. पडल्या. वळण. तलाव. आता दिसत नाहीत, गावही दिसत नाही, मागे नुसता रस्ता आहे —

हात तसाच आहे.

मनगटावर. दिसत नाही, पण पाची बोटं ओली, गरम. आवळताहेत. शेजारच्या बाई विचारतात काय झालं, त्यांना काय सांगू. म्हणते आहे. मोठ्यानं म्हणते आहे, गाडीत सगळे बघताहेत, बघू देत. प्रभू, ही तुझी सालोमी. करंगळी सुटली. प्रभू, ही तुझी सालोमी. अजून एक. आणखी एक. कळ खांद्यापर्यंत — सुटलं. आता अंगठा. अंगठाच राहिला. फार घट्ट आहे, जीव जातोय, पण मी — प्रभू, ही तुझी सालो