पुलापलीकडे संपणाऱ्या अधिकाराबाबत

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी,
सुलूताश जिल्हा, किर्गिझस्तान.

विषय : प्रगत परिचारिकेचे औषधोपचाराचे अधिकार उन्हाळी कुरणावरही लागू करण्याबाबत.
संदर्भ : आरोग्य केंद्राची पाटी हलवल्याबद्दल खुलासा मागणारी आपली नोटीस.

महोदय,

१. आपल्याच शिफारशीवरून जिल्ह्यातील प्रगत परिचारिकांचे नेतृत्व माझ्याकडे आले, याबद्दल मी कृतज्ञ आहे. डॉक्टरांच्या सहीवाचून नेहमीची औषधे कशी चालू ठेवावीत, हे तरुण सहकाऱ्यांना शिकवणे हे माझे काम. हा अधिकार मात्र आदेशानुसार केंद्राच्या जागेतच चालतो. केंद्र चोंग-आर्चा गावात आहे. मे महिन्यात सारे गाव मेंढरांमागे पूल ओलांडून कुरणावर जाते, त्यांच्यासोबत मीही. मागे उरतात शाळेचे पहारेकरी झूमाकादिर आणि त्यांचा कुत्रा. या दोघांवर उपचार करण्यास मी पूर्णपणे स्वतंत्र आहे. दोघांचीही प्रकृती उत्तम आहे.

२. गेल्या उन्हाळ्यात वयोवृद्ध सालिमा-आपांच्या रक्तदाबाच्या गोळ्या कुरणावर संपल्या. गोळ्या माझ्या पेटीत होत्या, अधिकार गावात होता. नियमाप्रमाणे आपांना घोड्यावर बसवून खाली न्यावे लागले. पूल येण्यापूर्वीच त्यांचे तोंड वाकडे झाले व डावा हात लुळा पडला. त्यानंतर आपल्या कार्यालयाने रुग्णांनी वेळेत खाली उतरावे, अशी सूचना पाठवली. ती मी सर्वांना वाचून दाखवली. गावचे वडीलधारे असानबेक-अक्साकाल म्हणाले, "पोरी, साहेबांना म्हणावं, आधी मेंढरांना नोटीस धाडा. ती उतरली की आम्ही आलोच."

३. पाटीविषयी. यंदा निघताना मी ही अडचण पुन्हा समजावली. आमच्याकडे घर ही उचलून न्यायचीच वस्तू असल्यामुळे अक्साकालांना ती अडचण वाटलीच नाही. "मग केंद्र इथंच टाकून का निघालीस? तंबू मागं ठेवून कुणी कुरणावर जातं का?" असे म्हणत त्यांनी पाटी उतरवली, घोड्यावर बांधली आणि वर पोहोचल्यावर माझ्या तंबूच्या दारावर ठोकली. मी हरकत घेतली होती. "गप गं, जड नाहीये," एवढाच तिचा विचार झाला.

४. पुढे आपले पाहणी पथक आले. त्यांनी त्या पाटीखाली बसून वाडगाभर कुमिस, म्हणजे घोडीचे आंबवलेले दूध, घेतले, मी आपांना गोळी देत असतानाचे छायाचित्र काढले आणि जिल्ह्याच्या अहवालात 'आदर्श नेतृत्व' या मथळ्याखाली छापले. नोटिशीत पुरावा म्हणून जोडलेले छायाचित्र तेच आहे.

५. आदेशाचा मान राखून, हा अर्ज आणणाऱ्या स्वाराबरोबरच पाटी परत पाठवत आहे. ती उतरवताना आपांची सून बुरुलचा जवळ उभी होती. तिने मला विचारले, "एजे (ताई), उद्या सासूबाईंना काय देऊ? पाटी उगाळून?" माझ्याकडे शिकायला आलेल्या परिचारिका तेव्हा तंबूतच होत्या आणि सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या. नेतृत्वाचा अभ्यासक्रम आपण मला राजधानीत पाठवून पूर्ण करवला. परीक्षा मात्र तिथे झाली नव्हती, हे मला त्या क्षणी समजले.

गोळी रोजच्यासारखीच मिळेल, असे मी त्या सर्वांसमोर सांगितले आहे. आपल्या परवानगीची वाट मी पाहीनच. आपांना ती पाहायला लावणार नाही.

शक्य तितकी आज्ञाधारक,

(सही)
कान्यशाय ओस्मोनबाएवा
प्रगत परिचारिका, चोंग-आर्चा
मुक्काम उन्हाळी कुरण, ९ जुलै