अडीच वेढ्यांची गोगलगाय

प्रिय नवरोबा (माजी),

'प्रिय' लिहिताना पेन जरा अडलं, पण पत्राची रीत कशाला मोडायची? बातमी चांगली आहे. मला समुद्रातली एक नवी गोगलगाय सापडली. अकराशे मीटर खोल गाळातली, मोहरीच्या दाण्याएवढी, दुधासारखी पांढरी, डोळे नसलेली. त्या अंधारात डोळे घेऊन ती बिचारी करणार तरी काय! शंखाला पाच वेढे, त्यांवर बारीक रेघा, आणि तोंडाच्या जाड कडेला आतून एकच दात. असा दात असलेली गोगलगाय तिच्या कुळात आजवर कुणी नोंदवलेली नाही. शोधनिबंध स्वीकारला गेला, सोमवारी छापायला जातोय. लेखक म्हणून माझं एकटीचं नाव आहे. पोटात दुखलं ना? दुखू दे.

प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीतलं आपलं लांब टेबल आठवतं? दोघांचे दोन मायक्रोस्कोप, मध्ये गाळाचे ट्रे. लेक दोन वर्षांची, माझ्या पायाशी डब्यांच्या झाकणांशी खेळत बसायची. आपला नियम होता, ज्याने शंख वेचला त्याने काचेच्या नळीत आपल्या सहीची चिठ्ठी टाकायची. अडीच वेढ्यांचा तो शंख मी वेचला, चिठ्ठी टाकली, आणि आठ दिवस तापाने घरी पडले. परत आले तर नळीत तुझ्या अक्षरातली चिठ्ठी. विचारलं तर म्हणालास, "अगं, जुनी भिजली होती, बदलली." मी विश्वास ठेवला. बायको होते ना! पाच महिन्यांनी नियतकालिक उघडलं तर त्यात तुझी नवी प्रजाती, आणि तळाशी आभार, "गाळ चाळण्यास मदत केल्याबद्दल पत्नीचे". आयत्या बिळावर नागोबा तो हाच.

आणि तिला नाव कुणाचं दिलंस? लेकीचं. तिथे तू मला खरं मारलंस. मी आरडाओरडा केला तर पोरीच्याच नावावर चिखल उडेल, हे तुला पक्कं ठाऊक होतं. तुझ्या आईने तर त्या गोगलगायीचा फोटो चौकट करून भिंतीवर लावला आणि मलाच ऐकवलं, "बापाची माया बघ!" मी तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला. आपण वेगळे झालो, तरी दर वाढदिवसाला तू तिला तीच गोष्ट सांगत राहिलास, की समुद्राच्या तळातून बाबांनी तुझ्यासाठी गोगलगाय शोधून आणली. ती शाळेत मिरवायची. मी शेजारी बसून ऐकायचे आणि मनातल्या मनात तुझं तळपट करायचे.

पण चोरीत घाई असते. त्या शंखाची कड कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ होती. हा जीव पूर्ण वाढलेला नसावा, अशी शंका मला पहिल्याच दिवशी आली होती. एकदा जरी "तुला काय वाटतं?" म्हणून विचारलं असतंस, तरी मी सांगितलं असतं. पण लपून छापणारा विचारणार कसा? उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. मग मीही मूग गिळून बसले आणि बारा वर्षं त्याच जागेवरचा गाळ मागवत राहिले. माझी नवी गोगलगाय त्याच गाळात मिळाली. तिचं वर्णन करायचं तर जवळच्या सगळ्या प्रजातींशी तुलना करावी लागते. तुझ्या प्रजातीशीही केली.

लेक आता चौदाची आहे. हात स्थिर आहे तिचा, माझ्या निबंधातली चित्रं तिनेच काढली आहेत. सुट्टीत एका दुपारी मी तिच्यापुढे त्याच गाळातले बेचाळीस शंख लहान ते मोठे असे ओळीने मांडले आणि बाजूला तू छापलेला फोटो ठेवला. ती वेढे मोजत गेली. दीड, दोन, अडीच. अडीचपाशी थांबून तिने फोटो जवळ ओढला. ओळीच्या शेवटी होती शंभर वर्षांपूर्वीच नोंदलेली एक साधीसुधी प्रजाती. "आई, माझी गोगलगाय वेगळी नाहीच. हे तर यांचं पिल्लू आहे." रडली नाही. बराच वेळ पेन्सिलीला टोक करत बसली. तिच्यापुढे ते असं मांडायला नको होतं, हे मला कळतं. ते बघून जिंकल्यासारखंही वाटलं नाही, आणि त्याचाही राग तुझ्यावरच आला.

तर आता तुझी प्रजाती रद्द. माझ्या निबंधात दोन ओळींत ते लिहिलेलं आहे. खरं सांगते, मी तुला कळवणारच नव्हते. छापील पानावरच वाचावंस आणि तुझा चेहरा पडावा, अशी माझी फार इच्छा होती. पण लेकीने अट घातली, "बाबांना आधी कळवशील तरच चित्रं देईन." म्हणून हे पत्र. नीट शब्दांत लिही, असंही बजावलं होतं. ते काही जमलं नाही, तेव्हा हे तिला दाखवणार नाही. रविवारी ती तुला फोन करणार आहे. तिच्या मनात तुझ्याबद्दल राग नाही, चूक कुणाचीही होते म्हणते. तिला फक्त एवढंच विचारायचंय, की तो शंख गाळातून उचललास त्या क्षणी तुला काय वाटलं होतं. तो कुणी उचलला, हे मी तिला बारा वर्षांत एका शब्दाने सांगितलेलं नाही. काय उत्तर द्यायचं ते तू ठरव. मी तिच्या शेजारीच बसलेली असेन.

तुझी कधीकाळची,
तिची आई