मास्तरीणबाईंची घरघर

रविवार, ९ फेब्रुवारी

प्रिय सौ. हिला,

तू थोरल्या लेकीकडे बरी असशील, अशी खात्री बाळगून लिहितो. फोनवर तू बोलायला लागलीस की तुला धाप लागते आणि थोरली लगेच फोन काढून घेते. म्हणून हे पत्र. चौथीनंतर माझ्या अक्षराला कुणी वळण लावलं नाही, तेव्हा संभाळून वाच.

इथे सगळं ठीक. कोंबड्या मजेत आहेत. सहाही मजेत आहेत. मास्तरीण जरा कमी बोलते, पण तिचं वयही झालं. बाकी पाचजणी अगदी मजेत. थंडी फार आहे, पण मी बंदोबस्त असा चोख केलाय की खुराड्यात वाऱ्याची शिरायची बिशाद नाही. तू काळजी करू नकोस.

शेजारचा शिंपी तुझी चौकशी करतो. हल्ली तो आपल्या खुराड्याकडेही फार बघतो.

थोरली तुला काही बोलली का? नसेल बोलली तर काही नाही. मी सहज विचारलं.

औषध वेळेवर घे. खिडकीत बसू नकोस.

तुझा,
घर राखणारा

शनिवार, १ मार्च

प्रिय सौ. हिला,

तुझं दोन ओळींचं उत्तर मिळालं. ‘तीन वेळा मजेत लिहिलंत, म्हणजे काहीतरी बिनसलंय. खरं कळवा.’ इतक्या वर्षांत तुझ्यापासून मला एकही गोष्ट लपवता आली नाही. आता कळवतो. आधीच सांगून ठेवतो, शेवट चांगला आहे. मधेच घाबरून थोरलीला हाक मारू नकोस.

मागचं पत्र टाकलं त्याच सुमाराला मास्तरीण शिंकायला लागली. मग तू जिला धाकटी जाऊ म्हणतेस ती कोंबडी, मग लाजरी. नाकातून पाणी, एका डोळ्याखाली सूज. मास्तरीण तर चोच उघडी ठेवून श्वास घ्यायची आणि आतून आवाज यायचा, पंपाने हवा धरली की येतो तसा. जन्मभर पंप दुरुस्त केले मी, तो आवाज मला झोपेतही ओळखू येतो. पण पंप खोलून बघता येतो. कोंबडीचं काय करायचं?

मला वाटलं थंडी बाधली. मी आणखी दोन पोती लावली. प्लास्टिक होतंच. वर तुझी निळी जाड चादर टाकली. रागावू नकोस, धुतली आहे. तरी शिंका वाढतच गेल्या, तेव्हा जाऊन जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना घेऊन आलो. आपल्या धाकट्या लेकीच्या वयाची असेल. तिने खुराड्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “आजोबा, हे खुराडं आहे की ट्रंक?”

मी म्हटलं, “वारा लागू नये म्हणून.”

“आत डोकं घाला.”

“मी?”

“तुम्हीच. आणि मी सांगेपर्यंत बाहेर काढू नका.”

घातलं. अगं, विष्ठेचा असा उग्र दर्प, की डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. घसा धरला. ती बाहेरून विचारते, “कसं वाटतंय?” मला बोलता येईना. “त्या रोज रात्रभर असंच झोपतात,” म्हणाली. “रोग होता थोडासा, तुम्ही त्याला घर बांधून दिलंत.”

पोती मी तिथल्या तिथे काढली. तुझी चादर आधी.

मग तिने विचारलं, “घरात कुणाला दम्याचा त्रास?” मी म्हटलं, घरात सध्या कुणीच नाही. तिने माझ्याकडे पाहिलं आणि आपण होऊन सांगितलं की हा कोंबड्यांचा रोग माणसाला लागत नाही, पण पिसांचा आणि विष्ठेचा धुरळा छातीला वाईटच.

आता ती गोष्ट, जी थोरलीने तुला सांगू नका म्हणून बजावलं होतं. तुझ्या डॉक्टरांनीही तिला हेच सांगितलंय. ‘बाबा, आई यायच्या आत कोंबड्या कुणाला तरी देऊन टाका, नाहीतर मी तिला पाठवणार नाही,’ असं ती म्हणाली. पोरीचं चुकलं नाही, तिला काही बोलू नकोस. शिंपी तयार होता. “काका, आमच्या दहाबारा आहेत, त्यात या खपून जातील.” मी हो म्हणालो होतो. म्हणूनच तो बघायचा. आणि म्हणूनच मला पत्रात ‘मजेत’पलीकडे काही सुचत नव्हतं. तू परत यायचंस आणि रिकामं खुराडं पाहायचंस, की खुराडं भरलेलं ठेवायचं आणि तू यायचंच नाहीस? या विचाराने माझं जेवण सुटलं होतं.

आधी दुखणं तरी निभावू म्हटलं. औषध पाण्यातून होतं. दुसरं सगळं पाणी उचललं, म्हणजे तेच पितील. अंडी खायची नव्हती, ती खड्ड्यात पुरली, जीव तुटत होता तरी पुरली. मास्तरीण पीतच नव्हती. तिला टोपलीत वेगळं ठेवलं, कोमट पाण्याच्या बोळ्याने नाक पुसलं, चोचीच्या कडेने थेंब थेंब औषध दिलं. घाईने ओतलं तर श्वासनळीत जातं. माझा थरथरता हात तुला माहीत आहे. पण सांगायला अभिमान वाटतो, एक थेंब चुकला नाही.

रोज दिवे लागायच्या वेळी त्या दांडीवर बसल्या की मी खुराड्याला कान लावायचो. शिंपी म्हणायचा, “काका, काय म्हणतायत सुना?” एके संध्याकाळी कान लावला तर काहीच ऐकू आलं नाही. दार उघडून पाहतो तर सहाजणी दाटीवाटीने झोपलेल्या, चोची मिटलेल्या. मास्तरीण सगळ्यांत वरच्या दांडीवर. टोपलीतून कधी निसटली कोण जाणे. मी हात लावला तर अंगठ्याला अशी चोच मारली, की छडीची आठवण आली. मी हसलो गं, एकटाच उभा राहून.

डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या, म्हणाल्या, छान. मी विचारलं, आता शेजारी देऊ ना? त्या म्हणाल्या, “अजिबात नाही. वरून बऱ्या झाल्या तरी रोग यांच्या अंगात राहतो. दुसऱ्यांच्या कोंबड्यांत सोडल्यात तर त्या आजारी पडतील. या आता जन्मभर तुमच्याच.” शिंप्याने हे ऐकलं आणि कुंपणापासून दोन पावलं मागे सरकला. मी तोंड पाडून उभा होतो, पण आतून मला शीळ घालावीशी वाटत होती.

मग थोरलीला फोन केला आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्याशी वाद घातला. तिने तुझ्या डॉक्टरांना पुन्हा विचारलं. ठरलं ते असं: तू खुराडं झाडायचं नाहीस, जवळ जायचं नाहीस. लांबून बघायला हरकत नाही.

म्हणून खुराडं मागच्या भिंतीशी हलवलंय. दोन्ही बाजूंना वर जाळी, वारा त्यांच्या डोक्यावरून जातो. झाडतो मी, नाकाला फडकं बांधून, आधी पाणी शिंपडून, आणि ते कपडे घरात आणत नाही. तुझी खुर्ची ओसरीवर मांडली. काठीला तुझ्या लोकरीचा धागा बांधून रोज पाहतो, तो खुर्चीकडून खुराड्याकडे उडतो, उलट नाही. उलट उडाला त्या दिवशी तू आत बसायचं. तिथून मला हुकूम सोडायचे, ‘अहो, कोपरा राहिला.’

परवा थोरलीने फोन तुझ्या उशाशी ठेवला होता. तू झोपली होतीस, तुला माहीत नाही. मी बराच वेळ कान लावून होतो. घरघर नव्हती. पंपवाल्याचे कान आहेत, चुकत नाहीत.

आपल्या खोलीची ती खिडकी, जिच्यावरून आपली रोज जुंपायची, मी उघडली आहे. वारा येतो. येऊ दे.

सहाजणींचा गडी आणि वाऱ्याला अजून थोडासा भिणारा,
तुझाच