काकांच्या सायकलची कुरकुर

२७ एप्रिल, रविवार

अखेर आज सुभाषकाकांची सायकल केली. महिनाभर ‘या वीकेंडला नक्की’ म्हणत टाळत होतो. दिवसभर गाड्यांच्या आतल्या कुरकुरी शोधायचा पगार घेतो, आणि तीन घरं सोडून राहणाऱ्या म्हाताऱ्याच्या सायकलला वेळ नाही. लाज वाटली पाहिजे.

काका इथे परदेशात गाडी चालवत नाहीत. रेखा – त्यांची मुलगी – ऑफिसला गेली की लायब्ररी, बाग, भाजी, सगळं त्या सायकलवर. “ही बंद पडली की मी घरातलं फर्निचर,” म्हणतात. नागपुरात टेलिफोन खात्यात चाळीस वर्षं सायकलवरच काढली.

“डॉक्टर, हिला दमा झालाय बाप्पा,” म्हणत गॅरेजमध्ये घेऊन आले. पायडलं काढली, ग्रीस लावून परत बसवली – कुरकुर तशीच. सीटचा दांडा काढून पुसला – तशीच. मग लक्षात आलं, उभं राहून हँडल ओढलं की मगच वाजतं. म्हणजे दुखणं हँडलच्या पकडीत, मध्यभागी ते जिथे बोल्टांनी आवळलेलं असतं तिथे. बोल्ट सोडले, ग्रीस भरलं, आवळले. चिडीचूप! काका दोन चकरा मारून आले. “हात आहेत का जादू?”

तीन तास गेले. मराठी मंडळाच्या नाटकाच्या तालमीला आम्हा नवरा-बायकोला उशीर झाला, उर्वी चिडली. पण छान वाटलं.

६ मे, मंगळवार

काका पडले. लायब्ररीच्या वळणावर. खांदा मोडला.

७ मे

हॉस्पिटलमध्ये जाऊन आलो. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. रेखा रडत होती. “बाबा म्हणतात चक्कर आली. चौऱ्याहत्तर वय यार, मीच अलाऊ करायला नको होतं.” ती सायकल डोळ्यांसमोर नको म्हणाली, म्हणून माझ्या गाडीत घालून आणली.

हँडल पकडीपाशी तुटून केबलवर लोंबतंय. पडल्यामुळे तुटलं असणार.

८ मे

पडल्यामुळेच तुटलं असणार.

१० मे, शनिवार

आज भिंग घेऊन बसलो. हँडलच्या तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग चकचकीत, ताजा. उरलेला अर्धा काळपट, जुना. आणि त्या जुन्या भागात ग्रीस. माझं. तडा आधीपासून होता. कुरकुरत होता तो तडाच.

खरं लिहायचं तर – ती रेघ मी पाहिली होती. बोल्ट सोडल्यावर दिसली, केसाएवढी. ओरखडा समजलो. हँडल बाहेर काढून पुसायला पाच मिनिटं लागली असती. उर्वी हॉर्न वाजवत होती. ग्रीस थापलं आणि आवळलं.

ऑफिसात हेच करतो आम्ही. डॅशबोर्ड वाजला की मध्ये फेल्टची मऊ पट्टी चिकटवायची, आवाज गेला की फाइल क्लोज. कस्टमरला आवाज नको असतो, बस. वीस वर्षांची सवय! काकांची सायकलही मी तशीच क्लोज केली.

उर्वीला सांगितलं नाही.

१५ मे

चक्कर कशाने आली म्हणून काकांच्या टेस्ट चालू आहेत. छातीला मशीन लावलंय, डोक्याचा स्कॅन झाला. सगळं नॉर्मल. नॉर्मल आलं की रेखा अजूनच घाबरते. “कारणच सापडत नाहीये, चारुदत्त.”

कारण माझ्या गॅरेजमध्ये आहे, ताडपत्रीखाली. मी म्हणालो, “होईल सगळं नीट.” वर तिने मला थँक्स म्हटलं. इतका भेकड असेन असं वाटलं नव्हतं.

१८ मे

सांगायला गेलो. लॉनबद्दल बोलून परत आलो.

२२ मे, गुरुवार

उर्वीने वरणफळं केली होती, काकांना डबा घेऊन गेलो. खिडकीशी बसले होते, हात गळ्यात. रेखा त्यांना दिवसभर एकटं ठेवायला तयार नाही. नागपूरला त्यांच्या धाकट्या भावाकडे पाठवतेय. शनिवारचं तिकीट.

“चक्करवाल्या म्हाताऱ्याला इथं कोण सांभाळणार?” काका हसत म्हणाले. मग रस्त्याकडे बघू लागले. एक बाई सायकलवरून गेली. ती वळेपर्यंत त्यांची मान तिच्यामागे वळली.

“काका, तुमची सायकल –”

“राहू दे रे. तूही घे थोडं.”

त्यांच्याच डब्यातलं खाल्लं.

घरी येऊन उर्वीला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, “मला काय सांगतोस?”

२३ मे, शुक्रवार

सांगितलं. हँडल रेखाच्या टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. रेघ, ग्रीस, तालीम, ताडपत्री. तिने हँडल उचलून पाहिलं. मग काकांकडे वळली. “बाबा, मग चक्कर?”

काकांनी मान खाली घातली. “कुठली चक्कर? हँडल हातात आलं माझ्या. पण यानं तीन तास जमिनीवर बसून दुरुस्त केली होती ग. तू सोडलं असतंस का त्याला?”

म्हणजे हँडल आधी तुटलं हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. छातीला मशीन लावून घेतलं, नागपूरला जायला निघाले, आणि माझ्यासाठी गप्प बसले. मीही माझ्यासाठीच गप्प होतो.

रेखा उठली. फोन घेऊन आतल्या खोलीत गेली, तिकीट कॅन्सल करायला.