बब्रुवानांची दोन कुत्री आणि माझे यकृत

मी, गौरीशंकर चन्नबसप्पा कोरे, वय ५४, व्यवसाय पशुधन पर्यवेक्षक, राहणार मौजे खडकवस्ती, ता. भूम, जि. धाराशिव, हे मृत्युपत्र स्वहस्ते व कोणाच्याही दडपणाविना लिहीत आहे. माझी बुद्धी स्थिर आहे. यकृताविषयी तसे प्रतिज्ञेवर सांगता येत नाही. तेथे कुत्र्यांपासून येणाऱ्या कृमीची नारळाएवढी गाठ विनाभाडे वास्तव्य करून आहे. परवा सोलापुरात तिचे निष्कासन होईल. ती पोटात फुटल्यास माझेही होईल, असे सर्जन म्हणाले.

१. राहते घर व बँकेतील ठेव कन्या शिवप्रिया हिला मिळावी. माझ्या लग्नातील कोट सत्तावीस वर्षे मागणारे बंधू उमाशंकर यांस तो कोट द्यावा. बाह्या आखूड होतील. तक्रार ऐकण्यास मी उपलब्ध नसेन.

२. शवविच्छेदनाच्या माझ्या तीन सुऱ्या कोणासही देऊ नयेत. माझ्यासोबत मातीत पुराव्यात. कारण पुढे येते.

३. पत्नी नीलम्मा नऊ वर्षांपूर्वी फुप्फुसातील अशाच गाठीने निवर्तली. गावात मेंढरे एकट्या बब्रुवान शेंडगे यांची. सबब दोष त्यांच्या कुत्र्यांचा, हा निवाडा मी तिच्यावरची माती ओली असतानाच दिला. बब्रुवान म्हणाले होते, "सायेब, माझी कुत्री तुमच्या दारात कवा आली वो? तुमचा मोत्या तर आमाला गल्लीतनं जाऊ देत न्हाय." मी त्यांस शास्त्र शिकवले: मेंढराच्या यकृतातील गाठ कुत्रा खातो, कृमी त्याच्या आतड्यात वाढतो आणि त्याची अंडी माणसाच्या पोटात जातात. त्यानंतर विषाच्या भाकरी मीच टाकल्या; त्यांची दोन्ही कुत्री मेली. माझ्या शब्दाखातर गावाने त्यांची मेंढरे खतासाठी शेतात बसवणे बंद केले. नऊ हिवाळे ते कळप घेऊन परमुलखात हिंडले.

४. गतवर्षी संशोधिका शिवानी माणसांतील व जनावरांतील कृमींची जनुके ताडून पाहण्यासाठी आल्या. नीलम्माची गाठ रुग्णालयाने जतन केली होती. बब्रुवानांच्या मेंढरांतील गाठी त्यांनी मिळवल्या. म्हशीच्या यकृतातील एक मी बाटलीत ठेवली होती, ती मोठ्या ऐटीत दिली. तीन महिन्यांनी त्यांचा फोन आला. "सर, मेंढरांतला वंश वेगळा निघाला. वहिनींचा तुमच्या बाटलीतल्या म्हशीशी जुळतो. तुमच्याकडं म्हशीचं यकृत कुत्र्याला कोण घालायचं?"

उत्तर एकाच विद्वानास ठाऊक होते. आमचे घर इष्टलिंगधारी, शुद्ध शाकाहारी. मांस उंबऱ्याआत निषिद्ध. म्हणून मेलेल्या म्हशींची यकृते त्याच तीन सुऱ्यांनी कापून मी आमच्या कुत्र्याला, मोत्याला, जनावरांच्या दवाखान्यामागेच चारीत असे. नंतर साबणाने हात धुऊन, शुचिर्भूत होऊन, त्याला घरी आणीत असे. त्याच्या केसांना चिकटलेली कृमींची अंडी नीलम्मा रोज मायेने कुरवाळी. नियमाचे तंतोतंत पालन झाले.

माझी गाठ, मी जिवंत असो वा नसो, शिवानी यांच्या हवाली करावी. तिचा वंश कोणता, याविषयी मला उत्सुकता उरलेली नाही.

५. ओढ्याकाठचे दोन एकर रान बब्रुवान शेंडगे यांस द्यावे, असे मी योजले होते. काल मसुदा त्यांना वाचून दाखवला. साक्षीदाराने लाभार्थी असू नये हा वकिलांचा सल्लाही सांगितला, आणि साक्षीला दुसरा कोणी पाहतो म्हणालो. त्यांनी तंबाखू मळून दाढेत धरली. मग म्हणाले, "रान न्हाय पायजे. माझ्या कुत्र्यांनी काय केलं न्हवतं, हे लिवलंय न्हवं? मग साक्षीला मीच ऱ्हातो. आन त्यांची नावं लिवा."

सबब ते रान शिवप्रियेस. कलम ३ व ४ ग्रामसभेत मोठ्याने वाचावे; मी जगून परतलो तर मीच वाचीन. क्षमेविषयी बब्रुवान काही बोलले नाहीत, म्हणून त्याविषयी येथे कलम नाही.

त्यांच्या सांगण्यावरून नावे नोंदवतो: काळू, वय सात. रंगी, वय चार, गाभण.

लिहून देणार: गौरीशंकर चन्नबसप्पा कोरे (सही)

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली:
१. महालिंगप्पा तोडकरी, निवृत्त शिक्षक (सही)
२. बब्रुवान मारुती शेंडगे, मेंढपाळ (डाव्या हाताचा अंगठा)

स्थळ: भूम
दिनांक: १२ जानेवारी २०२५