रुंद पडद्यावरचा दादा

१२ फेब्रुवारी, मंगळवार

मॉनिटर गेला. काम चालू असताना 'टक्' असा आवाज झाला आणि अख्खं चित्र एका आडव्या रेघेत गोळा झालं. प्रेसवाल्या काकांची अर्धी प्रश्नपत्रिका आत, आणि बाहेर नुसती रेघ!

आईने शिवणाच्या मशीनवरूनच विचारलं, "मेला का रे?"

म्हटलं, मेला.

"मग रविवारी दादा कशात दिसायचा?"

माझ्या टायपिंगचं तिला काही नाही. दादा परक्या शहरात गोदामात कामाला लागला तेव्हापासून हे यंत्र तिच्या लेखी एवढ्याचसाठी आहे. रविवारची खिडकी!

१४ फेब्रुवारी, गुरुवार

दुकानात जाऊन आलो. कालही गेलो होतो. माहितीपत्रकं आणली, खुणा केल्या. ठिपके किती, उजेड किती, तिरकं पाहिलं तर रंग उडतो का. दुकानदार आता मला बघितलं की दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो.

सतरा इंची चौकोनी, की एकोणीस इंची रुंद?

दुकानदार स्पष्ट म्हणाला, "तुमचं मशीन जुनं आहे, राव. रुंद पडदा त्याला झेपायचा नाही. चित्र ताणून दाखवेल. चौकोनी घ्या आणि सुखी व्हा."

मी मान डोलावली. पण नजर त्या रुंदवरच. त्यावर त्यांनी समुद्र लावून ठेवला होता — या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं पाणी.

घरी येऊन आईला सांगितलं, "रुंद घेऊ या. दादा मोठा दिसेल."

हे खोटं आहे. इथे तरी लिहितो. मला त्यावर सिनेमे बघायचे आहेत.

१६ फेब्रुवारी, शनिवार

आणला. पैसे दादाचेच. फोनवर म्हणाला, "चांगला घे, मास्तर. चिकटपणा करू नकोस." नववीत शाळा सोडलेल्या माणसाला मास्तर म्हणतो! का, तर मी त्याच्या मजकुरातल्या वेलांट्या दुरुस्त करून परत पाठवतो म्हणून.

पडद्यावर मेलेला ठिपका एकही नाही. काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा, सगळे रंग लावून बोटाने तपासलं.

मग आईची टेप घेऊन उंची मोजली. दुकानातल्या चौकोनीची मोजली होतीच. हा त्याहून बुटका आहे! म्हणजे दादा मोठा दिसणारच नाही. नुसता पसरेल.

आईला बोललो नाही.

१७ फेब्रुवारी, रविवार

दादा दिसला. मला पहिल्या क्षणीच कळलं. त्याच्या मागच्या भिंतीवर गोल घड्याळ आहे, ते आडव्या अंड्यासारखं दिसत होतं. दुकानदार म्हणाला होता तसंच, अगदी तस्सं.

आईने घड्याळ कशाला बघावं? ती म्हणाली, "अगंबाई! अंगानं भरलास की रे! गाल वर आले!"

दादा हसला. "खातोय मग, आई."

वरच्या मजल्यावरच्या काकूंना तिने जिन्यातून हाक मारून बोलावलं. त्या आल्या, चष्मा लावून वाकल्या. "थोरला सुधारला हो! आणि हा धाकटा बघा, काडीपैलवान. याला पण पाठवा गोदामात."

सगळे हसले. मीही.

आज आई पोटभर जेवली. कित्येक दिवसांनी. जेवताना दोनदा म्हणाली, "आता माझी काळजी मिटली."

मॉनिटरला खाली एक बटण आहे. ते दाबून चित्र मुळाबरहुकूम करता येतं, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या सोडून. पुस्तिकेत वाचलं. उद्या करतो.

२० फेब्रुवारी, बुधवार

केलं नाही.

२१ फेब्रुवारी, गुरुवार

आई काजं-बटणं आणायला बाजारात गेली होती. तेवढ्यात दादाला बोलावलं आणि ते बटण दाबलं.

घड्याळ गोल झालं. दादा—

गळ्याची हाडं वर आलेली. गालांत खड्डे. कानसुद्धा मोठे वाटत होते. मी बटण पुन्हा दाबलं, तर भरलेला. पुन्हा दाबलं, तर हा.

विचारलं, "बरं नाही का तुला?"

"का रे? भरलोय ना अंगानं?"

मी पडद्याचं सगळं सांगितलं. तो आधी खूप हसला. मग खोकला आला. मग म्हणाला, "पोटाचं आहे काहीतरी. अन्न टिकत नाही. औषध चालू आहे. आईला बोलायचं नाही."

"पण—"

"पण नाही नि बिण नाही. तो तुझा रुंद पडदा देवासारखा धावून आलाय. राहू दे तसाच. माझी शपथ आहे, मास्तर."

आई आली तेव्हा पडदा पुन्हा रुंद केलेला होता.

२४ फेब्रुवारी, रविवार

रुंदच ठेवला. आई त्याला विचारत होती, "जिना चढताना धाप नाही ना लागत? एकदम वजन वाढू देऊ नये माणसानं."

मान वर करून बघवलं नाही.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

प्रेसवाले काका म्हणाले, "तुझ्या कामात चूक शोधायला बसलो तर डोळे दुखतात, चूक सापडत नाही." एक वेलांटी चुकली तर मला जेवण जात नाही. आणि घरात अख्खा माणूस चुकीचा दाखवतोय!

सिनेमा अजून एकही बघितलेला नाही. लावला एकदा, बंद केला.

२ मार्च, रविवार

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

आईने निळं कापड काढलं. दादाला शर्ट शिवून पाठवायचा म्हणे, "जुने सगळे आता घट्ट होत असतील त्याला." कापड जमिनीवर अंथरलं. आईचं एक आहे — माणूस दारातून आत आला की तिला त्याचं माप कळतं. टेप लावते ती गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. दादा पडद्यावर बोलत होता तेव्हा ती गप्प बसून त्याचे खांदे बघत होती. मला वाटलं, मायेने बघतेय. ती माप घेत होती!

तो गेल्यावर खडू हातात घेऊन मला म्हणाली, "छाती केवढी धरू रे? तुझी नजर तरुण आहे."

मी म्हणालो, "तुला दिसतंय तेवढी धर."

यात एक शब्द खोटा नाही. म्हणूनच जास्त लागतंय. 'कापू नकोस' एवढंच म्हणायचं होतं. कात्री कापडातून कर्रकर्र जात होती आणि मी शेजारी बसून कापड सरळ धरलं. मीच धरलं!

५ मार्च, बुधवार

पार्सल मीच टाकून आलो.

१६ मार्च, रविवार

दादाने तो शर्ट घातला. का घातला! 'अजून मिळाला नाही' म्हणता आलं नसतं का? पण आईने शिवलेलं तो न घालता राहील कसा.

खांद्याची शिवण दंडावर आली होती. कॉलरमध्ये मान बुडाल्यासारखी. रुंद पडद्यालासुद्धा ते झाकता येईना.

आई बघतच राहिली. मग म्हणाली, "पोतं शिवलं की रे मी."

"हल्ली असलीच फॅशन आहे, आई. ढगळ. इथे सगळी पोरं विचारतायत, कुणाकडून शिवलास."

"उगाच गोड बोलू नकोस." मग माझ्याकडे वळून, "मला तर एवढाच दिसत होता रे तो."

१९ मार्च, बुधवार

वरच्या काकूंचं कापड आईने परत केलं. गणवेशांचंही. काकू जिन्यात भांडत होत्या, "अहो, एक शर्ट ढगळ झाला म्हणून कुणी मशीन बंद करतं का? मी पोळ्या करपवल्या तर जेवायचं सोडते का?"

आई म्हणाली, "दुसऱ्याचं कापड आहे. नजर गेली माझी. नासवून कशाला देऊ?"

मशीनवर चादर घातली. बाबा गेले त्या वर्षीसुद्धा ते मशीन बंद पडलं नव्हतं.

२२ मार्च, शनिवार

आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. तिने सगळ्या ओळी वाचल्या, अगदी शेवटचीसुद्धा. डॉक्टर म्हणाले, "आजी, तुमचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत."

मला वाटलं, आता तिला बरं वाटेल. रस्त्यात म्हणाली, "डोळे चांगले म्हणजे बिघाड डोक्यात. माझ्या आईचंही असंच सुरू झालं होतं. आधी मापं चुकायला लागली, मग माणसं. तुला ओळखेनाशी झाले तर रागवायचं नाही हं."

हे तिने असं सांगितलं, जसं एखादं काम मला समजावून देतेय.

दादाची शपथ मी मोडणार. पण तेवढंच लिहून सुटका नाही. शपथ घालायच्या आधीचे चार दिवस मी कुणाच्या शब्दासाठी गप्प होतो?

२३ मार्च, रविवार

आईला सगळं सांगितलं. बटण दाबलं. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या, मध्ये दादा आला, तोच निळा शर्ट घालून. आईने मला बटण पुन्हा दाबायला लावलं, पुन्हा दाबायला लावलं. मग म्हणाली, "म्हणजे माझी नजर शाबूत आहे." क्षणभर चेहरा उजळला तिचा.

मग खुर्ची पुढे ओढून दादाला म्हणाली, "शर्ट काढ. बघू दे मला."

दादाने कॅमेऱ्यावर हात ठेवला.